मॉनिटर सारखा काळा पडतोय? आधी ऑलिव्हर हेविसाइड यांना भेटा

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडलाय. सगळं छान चाललंय आणि अचानक स्क्रीन काळी. दोन-तीन सेकंदांत चित्र परत येतं, जणू काही झालंच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मॉनिटर बिघडलाय म्हणावं, तर दुसऱ्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो. लॅपटॉपमध्ये दोष म्हणावा, तर त्याची स्वतःची स्क्रीन ठणठणीत. ड्रायव्हर अपडेट करून झाला, दहा वेळा रीस्टार्ट करून झालं, आणि शेवटी कुणीतरी केबल बदलून बघ म्हणून सांगतं. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

आता प्रश्न असा की केबलला ना बटण, ना सॉफ्टवेअर. तार तुटलेली असती तर चित्र आलंच नसतं. मग ही अर्धवट चालणारी, मधेच झोपणारी केबल नेमकं काय करते? याचं उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका बेरोजगार माणसानं घरात बसून कागदावर काढलं होतं. त्याच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती आणि कानांनी ऐकूही कमी यायचं. त्याचं नाव ऑलिव्हर हेविसाइड.

गरिबीतलं बालपण, नात्यातला मोठा माणूस

ऑलिव्हरचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करून छपाईचे ठसे बनवायचे. कमाई बेताची आणि घर खाऊन-पिऊन जेमतेम. लहानपणीच स्कार्लेट फीवर झाला आणि त्यात ऐकू येणं कमी झालं. गल्लीतल्या मुलांच्या खेळात त्याला सामील होता यायचं नाही, त्यामुळे एकटं राहायची सवय तेव्हापासूनच लागली. शाळेत हुशार होता, पण सोळाव्या वर्षी शिक्षण थांबलं. पुढचं सगळं त्यानं पुस्तकं वाचून स्वतःच शिकून घेतलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं होती. त्याच्या मावशीचे यजमान म्हणजे चार्ल्स व्हीटस्टन. टेलिग्राफ इंग्लंडमध्ये आणणाऱ्यांपैकी एक आणि आजही फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ज्यांच्या नावाचा ब्रिज आपण जोडतो, तेच हे व्हीटस्टन. त्या काळात टेलिग्राफ म्हणजे आजच्या इंटरनेटसारखं नवं, झपाट्यानं वाढणारं क्षेत्र. ऑलिव्हर आणि त्याचा भाऊ आर्थर, दोघंही या काकांमुळे त्याच वाटेला लागले.

पहिली आणि शेवटची नोकरी

१८६८ साली, अठराव्या वर्षी ऑलिव्हर डेन्मार्कला टेलिग्राफ ऑपरेटर म्हणून गेला. इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी नवी केबल टाकली होती. पुढे तो न्यूकॅसलला, ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ कंपनीत त्याच केबलच्या इंग्लंडकडच्या टोकाला काम करू लागला. हा काळच समुद्री केबलचा होता. १८७० साली मुंबईसुद्धा एडन आणि सुएझमार्गे समुद्राखालच्या तारेनं लंडनशी जोडली गेली.

संदेश पाठवण्याबरोबर केबलमधले बिघाड शोधणं हेही हेविसाइड यांचं काम होतं. विचार करा, शेकडो किलोमीटर केबल समुद्राच्या तळाशी पडलीय आणि कुठेतरी तिचं आवरण फाटून वीज पाण्यात गळतेय. ती जागा शोधायची कशी? संपूर्ण केबल वर काढून बघणं परवडणारं नाही. मग किनाऱ्यावर बसून मोजमाप करायचं. तारेचा रेझिस्टन्स दर मैलाला किती हे माहीत असतं. व्हीटस्टन ब्रिज लावून इथून बिघाडापर्यंतचा रेझिस्टन्स काढला की अंतर कळतं. मग जहाज बरोबर त्या ठिकाणी जाऊन गळ टाकून केबल वर ओढतं.

यातली पद्धत लक्षात घ्या. आधी काहीही न उघडता, टोकाला बसून, दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवायचं. तुमच्या काळ्या स्क्रीनलाही हेच लागू होतं. पुढच्या वेळी स्क्रीन काळी पडली की लगेच मॉनिटरवरचं मेन्यूचं बटण दाबा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा मेन्यू दिसला, किंवा सिग्नल नसल्याचा मेसेज आला, तर पॅनेल आणि बॅकलाइट जिवंत आहेत. म्हणजे दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा लॅपटॉपच्या बाजूला. मेन्यूसुद्धा दिसत नसेल तर मॉनिटरचा वीजपुरवठा, त्याचा अॅडॉप्टर किंवा बॅकलाइट यांच्याकडे बघायचं. एका बटणात अर्धं काम संपलं.

एकच केबल, पण दोन दिशांना दोन वेग

या केबलवर एक विचित्र गोष्ट दिसायची. एका दिशेनं संदेश जितक्या वेगानं पाठवता यायचे, तितक्या वेगानं उलट दिशेनं येत नव्हते. जास्त वेगानं पाठवायला गेलं की टिंब आणि रेघा एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ. तार तर तीच! मग दिशेनुसार फरक का पडावा?

हेविसाइड यांनी पुढे यावर गणित मांडलं. दोन्ही टोकांना जोडलेल्या जमिनीवरच्या तारा आणि रेझिस्टन्स सारखे नव्हते, त्यामुळे हा फरक पडत होता. म्हणजे केबलचा विचार एकट्या केबलचा करून चालत नाही. तिच्या दोन्ही टोकांना काय जोडलंय, तेही त्याच सर्किटचा भाग असतं.

आजच्या भाषेत सांगायचं, तर लॅपटॉपचा पोर्ट, मधला यूएसबी-सी हब, त्याला लावलेला कन्व्हर्टर, केबल आणि मॉनिटरचा पोर्ट ही एकच साखळी आहे. महागडी केबल आणून ती दोनशे रुपयांच्या कन्व्हर्टरला लावली, तर तो कन्व्हर्टर पूर्ण साखळीला खाली ओढतो. आणि दिशेचं म्हणाल, तर आजही दिशा पाळणाऱ्या केबल असतात. लांब अंतरासाठीच्या ऑप्टिकल एचडीएमआय केबलचं एक टोक लॅपटॉपसाठी आणि दुसरं स्क्रीनसाठी असतं. उलटी लावली तर चित्र येतच नाही.

चोविसाव्या वर्षी नोकरीला रामराम

१८७४ मध्ये हेविसाइड यांनी नोकरी सोडली आणि ते आई-वडिलांकडे परत आले. वय चोवीस. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी पगाराची नोकरी केली नाही. त्याच सुमाराला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचं वीज आणि चुंबकत्वावरचं मोठं पुस्तक त्यांच्या हाती पडलं. ते १८७३ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यातलं गणित हेविसाइड यांना सुरुवातीला झेपत नव्हतं. मग आधी गणित शिकायचं आणि नंतर पुस्तक, असं करत त्यांनी काही वर्षं त्यातच घालवली.

त्यातून काय निघालं ते इंजिनिअरिंग करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही. मॅक्सवेल यांनी १८६५ च्या शोधनिबंधात वीस समीकरणं मांडली होती. हेविसाइड यांनी व्हेक्टरची भाषा वापरून त्याचा गाभा चार समीकरणांत बसवला. आज टी-शर्टवर छापली जातात ती मॅक्सवेलची चार समीकरणं हेविसाइड यांच्या हातची आहेत. इम्पिडन्स, इंडक्टन्स, कंडक्टन्स हे शब्दही त्यांनीच १८८० च्या दशकात तयार केले.

केबल म्हणजे पाण्याची पाइप नव्हे

तोपर्यंत केबलबद्दलची समजूत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या १८५५ च्या सिद्धांतावर उभी होती. तारेचा रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स, दोनच गोष्टी त्यात होत्या. सावकाश चालणाऱ्या समुद्री टेलिग्राफला ते पुरत होतं. हेविसाइड यांनी १८७६ मध्ये त्यात इंडक्टन्स आणला आणि पुढे आवरणातून होणारी गळतीसुद्धा धरली. या चार गोष्टी एकत्र केल्या की दिसतं, सिग्नल तारेतून लाटेसारखा धावतो. तारेच्या आत आणि भोवतीच्या जागेत ही लाट पसरलेली असते.

लाट म्हटली की ती परतही येते. विहिरीत दगड टाकल्यावर तरंग भिंतीवर आपटून मागे फिरतात, तसंच. तारेचा इम्पिडन्स जिथे अचानक बदलतो, तिथून सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणूनच एचडीएमआय केबलमधल्या तारांच्या प्रत्येक जोडीचा इम्पिडन्स सुमारे १०० ओहम ठेवलेला असतो. केबल खोल वाकली, पिन सैल झाली, दोन केबल जोडणारा जॉइंटर मध्ये आला, की तो आकडा त्या जागी बिघडतो.

इतक्याशा जागेनं काय फरक पडणार, असं वाटत असेल तर हा हिशेब बघा. एचडीएमआय २.० वर ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना प्रत्येक जोडीतून सेकंदाला ५.९४ अब्ज बिट जातात. सिग्नल केबलमधून प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगानं धावतो असं धरलं, तर एका बिटची लांबी भरते सुमारे साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे २ मीटरच्या केबलमध्ये एका वेळी जवळजवळ ६० बिट रांगेनं धावत असतात! एवढ्या गर्दीत एका सेंटिमीटरचा सैल प्लगही बारीक गोष्ट राहत नाही.

आणखी एक शोध इथे उपयोगाचा आहे. वेगानं बदलणारी वीज तारेच्या आतून न जाता पृष्ठभागाजवळून जाते. याला स्किन इफेक्ट म्हणतात आणि त्याचं केबलसाठीचं गणित १८८५ मध्ये हेविसाइड यांनी मांडलं. वेग जितका जास्त, तितकी तांब्याची वापरात येणारी साल पातळ आणि तितका सिग्नल जास्त मरतो. म्हणून तीच केबल फुल एचडीला मस्त चालते आणि ४के लावलं की धाप टाकते. एका वाहक नळीच्या आत दुसरी तार ठेवायची, म्हणजे शेजारच्या तारांचा त्रास होत नाही, ही कल्पनाही त्यांची. त्याचं पेटंट त्यांनी १८८० मध्ये घेतलं. आपल्या टीव्हीच्या डिशमधून घरात येणारी कोअॅक्सियल केबल त्याच घराण्यातली.

बिघाडाचा फायदा आणि एक भांडण

१८७९ च्या सुमारास केबलमधल्या बिघाडांवर लिहिताना हेविसाइड यांना एक उलटीच गोष्ट सापडली. आवरणातून थोडी वीज गळत असेल तर सिग्नल कमकुवत होतो हे खरं, पण टिंब आणि रेघा एकमेकांत कमी मिसळतात, म्हणजे संदेश अधिक स्पष्ट होतो. सिग्नल कमी होणं आणि सिग्नल विस्कटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी झालेला सिग्नल वाढवता येतो, विस्कटलेला पुन्हा जुळवणं फार कठीण.

१८८७ मध्ये त्यांनी हा विचार शेवटपर्यंत नेला. रेझिस्टन्सला इंडक्टन्सनं भागून येणारा आकडा आणि गळतीला कपॅसिटन्सनं भागून येणारा आकडा सारखे केले, तर सिग्नल लहान होईल पण त्याचा आकार अजिबात बिघडणार नाही. व्यवहारात त्याचा अर्थ एकच होता. टेलिफोनच्या लांब तारांमध्ये मुद्दाम इंडक्टन्स वाढवा, आवाज स्वच्छ येईल.

इथेच ठिणगी पडली. ब्रिटिश पोस्ट खातं तेव्हा टेलिग्राफ आणि टेलिफोनचं काम बघायचं आणि तिथले वरिष्ठ तज्ज्ञ होते विल्यम प्रीस. इंडक्टन्स हा टेलिफोनचा शत्रू आहे, असं प्रीस यांचं ठाम आणि जाहीर मत. हेविसाइड बरोबर नेमकं उलटं सांगत होते. त्यात भाऊ आर्थर पोस्ट खात्यातच, म्हणजे प्रीस यांच्या हाताखाली. दोघा भावांनी मिळून टेलिफोनवर एक लेख तयार केला, तो प्रीस यांनी छापू दिला नाही. त्याच वर्षी, ज्या इलेक्ट्रिशियन साप्ताहिकात हेविसाइड यांचे लेख यायचे, तिथल्या जुन्या संपादकांची जागा दुसऱ्या माणसानं घेतली आणि लेखमालाही बंद झाली. त्या लेखांतून मिळणारं किरकोळ मानधन हीच काय ती हेविसाइड यांची कमाई होती. वय ३७, हातात अचूक उत्तर आणि ते छापायला जागा नाही.

उशिरा मिळालेली दाद

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लाटा प्रयोगात दाखवल्या. लाटांचं हे गणित कोण जाणतं, याचा शोध सुरू झाला आणि माणसं हेविसाइड यांच्या जुन्या लेखांपाशी येऊन पोहोचली. १८८९ मध्ये खुद्द केल्विन यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेतल्या अध्यक्षीय भाषणात त्यांच्या कामाचं कौतुक केलं. ज्यांचा सिद्धांत अपुरा ठरला होता त्यांनीच ते केलं, हे महत्त्वाचं. १८९१ मध्ये हेविसाइड रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मान मिळाला, पैसा नाही. टेलिफोनच्या तारेत ठरावीक अंतरावर इंडक्टन्सची वेटोळी बसवायची कल्पना त्यांनी मांडली, पण पेटंट घेतलं नाही. अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी १९०० मध्ये अशा वेटोळ्यांचं पेटंट मिळवलं आणि टेलिफोन कंपनीकडून लाखो डॉलर कमावले. ती वेटोळी बसल्यावर लांब पल्ल्याचे फोन खरोखरच स्पष्ट ऐकू येऊ लागले. इकडे हेविसाइड यांचं घर १८९६ पासून सरकारनं मंजूर केलेल्या वर्षाला १२० पौंडांच्या पेन्शनवर चाललं होतं, तेही मित्रांनी खटपट केली म्हणून. त्यांना ही मदत भीक वाटू नये, यासाठी मित्रांना फार जपून बोलावं लागलं.

१९०२ मध्ये त्यांनी आणखी एक अंदाज बांधला. रेडिओच्या लाटा पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून लांब पोहोचतात, याचं कारण आकाशात उंचावर वीज वाहून नेणारा एक थर असावा. अमेरिकेत आर्थर केनेली यांनीही त्याच वर्षी हेच सांगितलं. आज त्या भागाला आपण आयनोस्फिअर म्हणतो.

शेवटची वर्षं त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात काढली. लग्न केलं नव्हतं, ऐकू येणं आणखी कमी झालं होतं, गॅसच्या थकलेल्या बिलांवरून कंपनीशी वाद चालायचे. १९२२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं आपलं पहिलं फॅरडे पदक त्यांना दिलं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, शिडीवरून पडल्यानंतर काही काळानं, त्यांचं निधन झालं. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी इंग्लंडमध्येच एडवर्ड अॅपल्टन यांनी आकाशातला तो थर प्रयोगानं सिद्ध करायला सुरुवात केली होती.

आता तुमच्या टेबलावर या

डिजिटल सिग्नलची एक खोड आहे. जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसायच्या, चित्र हळूहळू बिघडायचं. डिजिटलमध्ये मॉनिटरची चिप विस्कटलेले बिट सावरत राहते आणि आपल्याला काही कळतच नाही. सावरणं हाताबाहेर गेलं की चिपची बिटांवरची पकड सुटते आणि स्क्रीन काळी. मग लॅपटॉप आणि मॉनिटर पुन्हा जुळवाजुळव करतात, त्यात दोन-तीन सेकंद जातात आणि चित्र परत येतं. म्हणून अधूनमधून काळी पडणारी स्क्रीन म्हणजे काठावर चालणारी साखळी. ती तपासायचा क्रम असा ठेवा:

१. मेन्यूचं बटण. वर सांगितल्याप्रमाणे दोष मॉनिटरचा की सिग्नलचा, हे आधी ठरवा.

२. वेग कमी करा. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झचं ६० करा, किंवा ४केला ६० चं ३०. काळं पडणं थांबलं तर मॉनिटर बदलायची गरज नाही. साखळीला तो वेग झेपत नाहीये, एवढाच अर्थ. ही तपासणी फुकट आहे, त्यामुळे खर्चाआधी हीच करा.

३. मधले दुवे काढा. हब, कन्व्हर्टर, जॉइंटर बाजूला ठेवून केबल थेट लावा. मग एकेक परत जोडा. ज्याच्यामुळे त्रास परत सुरू होईल, तो दोषी.

४. दोन्ही प्लग काढून घट्ट बसवा, केबलची घडी मोकळी करा, मॉनिटरचा दुसरा पोर्ट वापरून बघा.

५. केबल बदलताना जास्त लांब घेऊ नका. दीड मीटर पुरत असेल तर पाच मीटर कशाला? ४के ६० हर्ट्झसाठी पाकिटावर प्रीमियम हाय स्पीड आणि त्यापुढच्या वेगासाठी अल्ट्रा हाय स्पीड असं लिहिलेलं बघा.

६. चित्रपटाचं अॅप सुरू केल्यावरच स्क्रीन काळी होत असेल तर कॉपी रोखणाऱ्या एचडीसीपीची जुळणी चुकत असू शकते. पंखा किंवा फ्रिज सुरू होताना, किंवा खुर्चीवरून उठताना होत असेल तर विजेचा धक्का केबलमध्ये शिरतोय. दुसरं सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि जाड आवरणाची केबल, हा त्यावर उपाय.

७. फोन मॉनिटरला जोडत असाल तर दोन गोष्टी बघा. फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो का, कारण सगळ्या फोनना ही सोय नसते. आणि केबल कोणती? फोनसोबत आलेल्या बऱ्याच चार्जिंग केबलमध्ये व्हिडिओसाठी लागणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्याच नसतात. चार्जिंग होतं म्हणजे चित्रही जाईल, असं धरून चालू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि स्क्रीन सुधारली, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही, आणि तीच खराब केबल ड्रॉवरमधून सहा महिन्यांनी पुन्हा बाहेर येईल.